पिवळी पट्टी मी मिटवली होती

ड्रोन पडला की लोक आधी वर बघतात, मग खाली आणि मग माझ्याकडे. त्या तिसऱ्या बघण्याची मला इतक्या वर्षांत सवय झालेली नाही. ड्रोन उडवणं हे माझं पोटापाण्याचं काम. लग्नं, शाळांची स्नेहसंमेलनं, बिल्डरांच्या स्कीमा, गोदामांची छपरं, संत्र्याच्या बागा; ज्याला जे वरून बघायचं असेल ते मी दाखवतो. बघणाऱ्याला वाटतं, काय मजेचं काम आहे, हातात रिमोट, डोळ्यावर गॉगल. मला विचाराल तर संध्याकाळी मान वळत नाही आणि टीव्हीसमोर बसलो तरी दोन्ही अंगठे आपोआप हलत राहतात. त्यात मी जात्याच घाबरट. बॅटरी तीनदा तपासतो, घराला कुलूप लावून निम्म्या जिन्यावरून परत येतो आणि ते ओढून बघतो. अशा माणसाच्या हातात उडणारी वस्तू देवानं का दिली असेल?

देवानं नाही, भोयर काकाजींनी दिली. मी मूळचा कुडाळकडचा. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. टेलिफोनच्या केबलसाठी चर खणणाऱ्या टोळीबरोबर फिरत फिरत नागपूरला आलो आणि इथं मला कावीळ झाली. टोळी पुढं निघून गेली. मनीषनगरात ज्यांच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं भाड्यानं राहत होतो, त्या भोयरांच्या घरी मी एकटा उरलो. काकूंनी महिनाभर मला बिनतेलाची खिचडी खाऊ घातली. ‘जा’ असं कुणी म्हटलं नाही, म्हणून मी गेलो नाही. काकाजींचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता. आधी लाइट धरायला, मग कॅमेऱ्याच्या वायरी गुंडाळायला, मग ड्रोन आला तेव्हा तो उडवायला त्यांनी मला पुढं केलं. पुढं सरकारी नियम आला. पायलटचं सर्टिफिकेट हवं आणि त्यासाठी दहावी पास हवी. मी म्हटलं, संपलं आपलं. काकूंनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणला आणि तुरीची डाळ निवडता निवडता माझ्याकडून इतिहास पाठ करून घेतला. निम्म्या वयाच्या मुलांमध्ये बसून, डोक्यावर पांढरे केस असताना मी दहावी झालो. निकालाच्या दिवशी काकूंनी गल्लीत पेढे वाटले. मी लाजेनं खोलीबाहेर पडलो नाही.

हे एवढं सांगितलं, कारण पुढं जे झालं ते याशिवाय कळणार नाही.

आता धंद्याची गोष्ट. गिऱ्हाइकाचा सगळ्यात लाडका प्रश्न असा: “याले सेन्सर आहे ना? मंग धडकन कसा?” ड्रोनच्या तोंडाशी दोन बारीक कॅमेरे असतात. आपल्या दोन डोळ्यांसारखे ते दोन चित्रं घेतात, ती ताडून बघतात आणि समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज बांधतात. जवळ आली की ड्रोन आपोआप थांबतो. यात खोटं काही नाही, माझ्या देखत कितीतरी वेळा थांबलाय. पण त्या डोळ्यांना उजेड लागतो आणि बघायला काहीतरी खरखरीत, रंगाबिंगाचं लागतं. विजेची तार त्यांना दिसत नाही. पानं गळलेली बाभूळ दिसत नाही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर ते गोंधळतात. पाण्यावर खालचे डोळे लाटा बघून चकतात आणि ड्रोन हळूहळू बुडायला निघतो. आमच्या जुन्या मॉडेलला तर बाजूला डोळेच नव्हते. आडवा सरकला की आंधळा. वेगाचं बटण दाबलं की पुढचेही मिटतात. हे सगळं पुस्तिकेत लिहिलेलं आहे, आणि शेवटी हेही लिहिलेलं आहे की काही झालं तर जबाबदारी उडवणाऱ्याची. पुस्तिका कोणी वाचत नाही. मीही पहिली दोन वर्षं वाचली नव्हती.

वर्धा रोडवर एका शोरूमचे मालक होते. अख्ख्या इमारतीला निळी काच. त्यांची हौस अशी की ड्रोन काचेकडे झेपावत यावा आणि काचेत तो स्वतःच दिसावा. मी म्हटलं, “साहेब, काचेत त्याला आभाळ दिसतं. तो आभाळातच घुसायला जाईल.”

“सेन्सर नाही का?”

“आहे. पण काच दिसत नाही त्याला.”

“तुले तं दिसते ना? मंग तू पाह्य.”

रागावण्यासारखं काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत पायलटच्या जबाबदारीची याहून सरळ व्याख्या मला कोणी सांगितलेली नाही. त्या दिवशी मी काचेपासून चांगल्या अंतरावर हातानं थांबवला आणि त्यांना ते चित्र आवडलं नाही.

हातानं थांबवणं. माझी चूक इथंच झाली, पण ती एका दिवसात झालेली नव्हती. ड्रोन आपोआप थांबतो हे शंभर वेळा बघितलं की अंगठा आळशी होतो. भिंतीकडे जाताना आधी मी चार-पाच मीटरवर रिमोटची काठी सोडायचो. मग तीनवर. मग सोडायचोच नाही, थांबेल तोच, असं व्हायला लागलं. घाबरट माणसालाही सवय निर्धास्त करते. बॅटरी मात्र मी तीनदाच बघायचो.

दसऱ्याला भोयरांकडे अवजारांची पूजा असते. पाटावर कॅमेरे, लाइट, काकाजींचा जुना ट्रायपॉड, काकूंची सुरी आणि विळी, आणि मधोमध ड्रोन. त्या वर्षी काकूंनी हळदकुंकू ओलं केलं आणि ड्रोनसमोर बसून मला विचारलं, “याचं तोंड कोणतं गा?”

मी दाखवलं.

“आन हे दोन?”

“डोळे आहेत, काकू. त्यानंच त्याला पुढचं दिसतं.”

“हो का?” त्यांनी कपाळावर लावावं तसं मधोमध एक बोट लावलं, मग दोन्ही डोळ्यांवर एकेक. “याची नजर चांगली राहो. आन तुही बी.”

काकाजी हसले. “अगं, चष्मा पुसायचा असतो, रंगवायचा नसतो.” पण तेही नमस्कार करून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळमन्याच्या मार्केट यार्डात काम होतं. एका व्यापाऱ्याच्या गोदामाच्या छपरावर सोलरच्या प्लेटा बसवल्या होत्या, त्यांतल्या तडकलेल्या कुठल्या ते बघायचं होतं. नेहमी काकाजी सोबत असतात. मी स्क्रीनमध्ये बघतो आणि ते ड्रोनकडे व खालच्या माणसांकडे बघतात. त्या दिवशी घरी पाहुणे होते. दीक्षाभूमीवरची गर्दी अजून ओसरायची होती, रस्ते तुंबलेले. मी म्हटलं, तासाभराचं काम आहे, एकटा जाऊन येतो.

यार्डात ड्रोन काढला. चित्र घेणारी मोठी काच मी कापडानं पुसली. मग ते कुंकू दिसलं. वाळून घट्ट बसलं होतं. कापड हातातच होतं. आणि माझा हात पुढं गेला नाही. एवढ्या मायेनं लावलेलं, दसऱ्याचं, ते दुसऱ्याच दिवशी यार्डातल्या धुळीत उभं राहून पुसून टाकायचं? मला ते अशुभ वाटलं. त्याहून खरं म्हणजे कृतघ्नपणाचं वाटलं. राहू दे आजचा दिवस, असं मनात म्हणत मी बॅटरी तिसऱ्यांदा तपासली.

रिमोट सुरू केल्यावर स्क्रीनवर पिवळी पट्टी आली. पुढचे सेन्सर काम करत नाहीत, तपासा. मला कारण ठाऊक होतं. मी म्हटलं, अडथळा त्याच्या डोळ्यांवर आहे, माझ्या थोडाच आहे. सेन्सर नव्हते तेव्हाही उडवतच होतो की. मी पट्टी मिटवली. खाली गोदामाच्या ओट्यावर हमाल ट्रकमधून सोयाबीनचे बोरे उतरवत होते. मी “बाजूला व्हा!” असं एकदा ओरडलो. ट्रकचं इंजिन चालू होतं. कोणी ऐकलं का, हे बघायला मी थांबलो नाही.

पहिली दहा मिनिटं मला लक्षात होतं की आज हा आंधळा आहे. मग मी स्क्रीनवर तडे शोधायला लागलो, एक सापडला, दुसरा सापडला, आणि लक्षात राहिलं नाही. एवढंच घडलं. छपराच्या टोकाला शेजारच्या गोदामाची भिंत होती आणि तिच्यातून एक लोखंडी अँगल बाहेर आलेला होता. अंगठ्यानं काठी पुढं दाबून धरली होती. नेहमीसारखीच.

आवाज मी आधी ऐकला. वर बघितलं तेव्हा तिथं काही नव्हतं. ओट्यावरून कोणीतरी ओरडलं.

मेश्राम मामांनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला होता. साठीला आलेले हमाल, टोळीतले सगळ्यात जुने. पडत्या ड्रोनच्या पंखानं अंगठ्याच्या बुडाशी खोल चिरलं होतं. मी गळ्यातला रुमाल बांधला, ऑटो केली आणि सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत ते एकदाच बोलले, “डोक्यात पडलं असतं तं बरं झालं असतं बे. हात तं वाचला असता.” मला वाटलं चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नव्हते. हमाल बोऱ्याला आकडा लावतो तो उजव्या हातानं, आणि आकड्याला अंगठा लागतो.

टाके घालून होईपर्यंत काकाजी धावत आले. “काय झालं गा?”

“सेन्सर फेल झाला, काकाजी.”

हे वाक्य मी बनवलं नव्हतं. ते तोंडात तयारच होतं. आणि त्यात खोटं तरी काय होतं? सेन्सर चालत नव्हते, हे खरंच होतं. काकाजी माझ्यासाठी भांडायला उभे राहिले. ड्रोन बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्राला त्यांनी दोन पानी तक्रार लिहिली, माझं नाव चांगल्या विशेषणांसकट त्यात घातलं आणि ड्रोनच्या पोटात उड्डाणाची जी नोंद असते तीही पाठवली. मी गप्प बसून लिफाफ्याला गोंद लावला.

गोदामाच्या दिवाणजींचं वेगळंच चाललं होतं. त्यांना अपघाताचं लेखी निवेदन हवं होतं. मला बाजूला घेऊन चहा पाजला आणि म्हणाले, “पायलट साहेब, सरळ लिहून द्या. बाजूला हो म्हणून सांगतलं होतं, तरी हमाल तिथंच उभा राहिला. तुम्ही ओरडले होते ना?”

“एकदा ओरडलो होतो.”

“मंग झालं ना! खोटं थोडी आहे? तुमचं बी सुटते, आमचं बी.”

मी म्हटलं, दोन दिवसांनी देतो. पण त्यांनी दोन दिवस वाट पाहिली नाही. टोळीच्या मुकादमाला त्यांनी तोंडी सांगूनच टाकलं की म्हातारा ऐकत नाही. मुकादम म्हणजे टोळीचा म्होरक्या, कोण कुठल्या बोऱ्याला लागेल ते तोच ठरवतो. टाके निघाल्यावर मेश्राम मामा कामावर गेले, तर मुकादमानं त्यांना बोऱ्याला हात लावू दिला नाही. सांडलेले दाणे झाडायला लावलं. “सांगतलेलं ऐकत नाही तो माणूस उद्या बोऱ्याखाली येईन,” म्हणाला, सगळ्यांसमोर. हे मला आणि काकूंना ऑटोवाल्याकडून कळलं. मी दोन दिवसांचे चार केले, चाराचे आठ.

मग सेवा केंद्राचं उत्तर आलं. काकाजी जेवायच्या टेबलावर ते मोबाइलवर वाचत होते. वाचता वाचता त्यांचा घास थांबला.

“पिवळी पट्टी म्हंजे काय असते गा?”

“सूचना असते, काकाजी. पुढचं दिसत नाही म्हणून.”

“आली होती?”

“हो.”

“मंग?”

“मी मिटवली.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आन मी त्या लोकायले दोन पानं शिव्या लिहून पाठवल्या.”

काकू पोळी करत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “काहून दिसत नव्हतं त्याले?”

मी ताटात बघत राहिलो. काकूंनीच पुढं विचारलं.

“मी कुंकू लावलं होतं ना त्याच्या डोळ्याले?”

“नाही काकू, कुंकवाचं काही नाही त्यात, मीच...”

“खोटं नको बोलू. पुसलं काहून नाही?”

“तुम्ही लावलं होतं म्हणून.”

त्यांनी गॅस बंद केला. पोळी तव्यावरच राहिली. “अरे बापा! देवाच्या डोक्यावरचं फूल बी आपण दुसऱ्या दिवशी उतरवतो. त्याचं निर्माल्य होते. आन मशीनीच्या डोळ्यावरचं कुंकू तुले पुसता नाही आलं? मी काय म्हटलं असतं तुले?”

त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र कडक होता. “आता माह्यं नाव सांगशीन का लोकायले?”

“नाही, काकू.”

“आन त्या हमालाचं?”

त्या प्रश्नानंतर जेवण पुढं गेलं नाही. मी खोलीत जाऊन वहीचं पान फाडलं. खूप वेळ विचार केला की कुंकू नसतं तर? अँगल बारीक होता, मागून ऊन होतं. धडधाकट डोळ्यांनाही तो दिसला असता की नाही, कोण जाणे. बहुतेक नसताच दिसला. म्हणजे कुंकू पुसूनही मी तिथंच आदळलो असतो, आणि मग मी जन्मभर सेन्सरला दोष देत फिरलो असतो. मला लिहायचं होतं ते एवढंच निघालं: भिंत मला दिसत होती, बघायचं काम माझं होतं, मी बघत नव्हतो. खाली माणसं होती हे मला ठाऊक होतं आणि ती बाजूला झाली का, हे मी पाहिलं नाही. काकूंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “एवढं पुरे. रडगाणं नको घालू यात.”

काकाजींनी त्यानंतर लग्नाचा अख्खा मोसम मला रिमोटला हात लावू दिला नाही. दुसरा पायलट उडवायचा आणि मी खाली दोरी लावून माणसं लांब ठेवायचो. त्या दिवसांत मी मान वर करून ड्रोनकडे जितकं बघितलं तितकं आधीच्या सगळ्या वर्षांत बघितलं नसेल. आता पुन्हा उडवतो. डोळे पुसतो, पट्टी आली तर उडवत नाही, काठी स्वतः सोडतो. गिऱ्हाइकं म्हणतात, हा पायलट फार हळू आहे. असू दे. अंगात आता तेवढाच वेग उरलाय. कुडाळला फोन केला की आई विचारते, काम बरं आहे ना? मी म्हणतो, बरं आहे. काम देणारी आणि चूक दाखवून पुन्हा घरात घेणारी माणसं मला परक्या गावात मिळाली, एवढं नशीब पुष्कळ झालं.

पण तो कागद घेऊन मी कळमन्यात गेलो, ते सांगायचं राहिलं. दिवाणजींनी दोन ओळी वाचल्या आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. “असं लिहून देते का कोणी? येडे आहे का तुम्ही?” मी म्हटलं, “हाच घ्या.” त्यांनी घेतला. त्याची दुसरी प्रत माझ्या खिशात होती. ती घेऊन मी ओट्यावर गेलो. मेश्राम मामा झाडू घेऊन बसले होते. जेवणाची सुट्टी होती, टोळीतले पाच-सहा जण डबे उघडत होते.

“का आला बे? पुन्हा उडवतं का?” मामा म्हणाले.

“नाही मामा. हे लिहिलंय, ते दाखवायचं होतं.”

“चष्मा घरी आहे. वाच.”

मी वाचलं. ‘भिंत मला दिसत होती.’ ‘ट्रकचा आवाज चालू असताना मी एकदाच ओरडलो आणि ते ऐकू गेलं का, हे पाहिलं नाही.’ ‘श्री. मेश्राम त्यांच्या कामाच्या जागी उभे होते. त्यांची काही चूक नाही.’ वाचून झालं तेव्हा सगळ्यांचे घास थांबलेले होते.

“म्हंजे मशीन नाही, तू होता,” मामा म्हणाले. “मी पंधरा दिवस झाले, मशीनलेच शिव्या देऊन राहिलो.”

“माझी चूक झाली, मामा. माफ करा.”

“ते तुह्याजवळ ठेव.” त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला आणि अंगठा वाकवून दाखवला. तो अर्ध्यावर येऊन थांबला. “हे माफीनं वाकते का?”

मामा माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे वजनकाट्याकडे बघत होते. तिथं मुकादम एका ड्रायव्हरशी हुज्जत घालत उभा होता. त्यानं यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

“ए मुकादम! इकडं ये गा जरा!”

मुकादम दुपट्ट्यानं मान पुसत आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मामांनी झाडू बाजूला ठेवला, डाव्या हातानं टोपी सरळ केली आणि उठून त्याच्या शेजारी उभे राहिले.

“हं,” ते मला म्हणाले. “आता पुन्हा वाच. पहिल्यापासून. आन जोरात.”

मी माझ्या नावापासून सुरुवात केली.